पहिल्या कणसाचा मान

माझी बहीण शिवलीला माहेरी आली की आधी आईच्या फोटोपुढे हात जोडते, मग चहा पिते आणि मगच रानात जाते. त्या वर्षी येळवशीच्या सणाला तिने हा क्रम मोडला. गाडीतून उतरली ती तडक शाळूच्या ज्वारीत शिरली. मी कोपीसमोर हुरडा भाजायच्या आगटीचा खड्डा साफ करत होतो, तेवढ्यात तिची हाक आली.

"अण्णा, इकडं ये. हातातलं टाक आन् ये."

शास्त्रज्ञ झाली म्हणून थोरल्या भावाला असं बोलावतात होय? मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेलो. कोपीच्या मागच्या बाजूला ती गुडघ्यांवर बसली होती. विळ्याच्या टोकाने तिने माती उकरली होती. त्यातलं एक ढेकूळ तिने माझ्यापुढे धरलं.

"दाबून बघ."

दाबलं. काळी माती बोटांना चिकटली. दसऱ्यानंतर औंदा पाऊस चांगला झाला होता आणि खाली हातभर ओल होती.

"मग हे असं का झालंय?"

तिने वर बोट दाखवलं. आजूबाजूची सगळी ताटं मिटली होती. पानांच्या घट्ट सुरळ्या झाल्या होत्या आणि त्यांच्यावर राख उधळल्यासारखं पांढरं मेण चढलं होतं. मी हे आदल्या दिवशी सकाळीच पाहिलं होतं. बहिणीचं बियाणं आहे, हुशार आहे, काहीतरी ओळखून सावध झालं असेल, असं म्हणून मी पुढे गेलो होतो. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानही वाटला होता.

"फवारा कुणी मारला?"

"कुणीच न्हाई."

"अण्णा, खरं सांग."

"अगं, ड्रोन गोठ्यात पडून हाय. त्याच्यावर कोंबडी अंडी घालतीया."

एरवी ती अशा बोलण्यावर खळखळून हसते. आज हसली नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

हे बियाणं काय आहे ते सांगतो. शिवलीलाने मला चुलीपुढे भाकऱ्या थापताना समजावलं होतं, तसंच सांगतो. ज्वारीच्या ताटात हजारो जनुकं असतात. त्यातली काही एकाच घराण्यातली. म्हणजे फार पूर्वी एकच जनुक होतं, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला होत गेल्या, प्रत्येक नक्कल थोडी बदलली आणि भावकी वाढत शंभराच्या वर गेली. त्यातलं कुणी दुष्काळात उपयोगी पडतं, कुणी थंडीत, कुणी उन्हाच्या झळीत, कुणी खारट जमिनीत. ही जनुकं स्वतः काम करत नाहीत, दुसऱ्या जनुकांना कामाला लावतात. पानं मिटा, मेण चढवा, मुळं खाली सोडा, वाढ थांबवा. स्वतः बसून दुसऱ्याला कामाला लावणारी म्हणजे थेट आमच्या बिराजदारांची भावकी, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

साध्या ज्वारीत ही भावंडं फार उशिरा जागी होतात. मुळाशी कोरडं पडलं की मग त्यांची धावपळ. पूर्वी तेवढ्यावर भागायचं. आता ऐन थंडीत मार्चसारखी झळ येते आणि दोन दिवसांत उभं कणीस करपून जातं. म्हणून शिवलीलाच्या संशोधन केंद्राने त्या घराण्यातल्या थोरल्या जनुकाला एक नवं कुलूप बसवलं. त्याची किल्ली म्हणजे एक वास. माणसाच्या नाकाला तो कळत नाही. झळीचा अंदाज आला की ड्रोनने त्या वासाचा फवारा चार ओळींवर मारायचा. त्या ओळी मिटतात आणि स्वतःही तोच वास सोडतात. शेजारच्या ओळी तो ओळखतात आणि पुढच्यांना कळवतात. वारा असला तर दिवसभरात अख्खं शिवार सावध होतं. मागच्या झळीत केंद्राच्या चाचणीतलं हेच पीक तेवढं तगलं, म्हणून औंदा भीमेच्या काठापर्यंत दुसरा शाळू कुणी पेरलाच नव्हता.

अडचण एकच होती. मिटलेलं ताट दोन आठवडे उठत नाही. निसवायच्या, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी मिटलं तर पीक थोडं मागे पडतं, इतकंच. पण दाणा भरत असताना मिटलं, तर तो भरायचाच राहतो आणि कणसात नुसतं फोलपट उरतं. आणि त्या दिवशी आमच्या बोरगुंडी गावातलं प्रत्येक कणीस दाणा भरत होतं.

"परवा इथं काय झालं?" शिवलीलाने विचारलं.

मी आगटीच्या खड्ड्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, भज्जी, उंडे आणि आंबील, येईल त्याला जेवू घालायचं. नवा शाळू लवकर तयार होतो, त्यामुळे औंदा पहिल्यांदाच येळवशीला हुरडाही होता आणि लोक खुशीत होते. हुरडा कुठल्याही दिवशी होवो, त्याची बोरगुंडीत एक रीत आहे. आगट्या सगळ्यांनी पेटवायच्या, गोवऱ्यांचे निखारे करून ठेवायचे, पण पहिलं कणीस आमच्या आगटीत पडायचं. ते पडलं की आमची हलगी वाजते. ती ऐकून शेजारचा वाजवतो, त्याचं ऐकून पुढचा, आणि मग गावभर कणसं निखाऱ्यात जातात. त्याआधी कुणी हुरडा तोंडात घालत नाही. हा मान आमच्या घराचा.

आणि मानकऱ्याने, म्हणजे मी, परवाच हुरडा खाल्ला होता. पुण्याचा मेहुणा आलेला. त्याला येळवशीपर्यंत थांबायला सवड नव्हती आणि हुरडा खाल्ल्याशिवाय जायचंही नव्हतं. बायकोच्या माहेरचं माणूस, नाही कसं म्हणणार? कोपीच्या आडोशाला गुपचूप आगटी केली, पंधरा-वीस कणसं भाजली आणि वर राख लोटून दिली.

शिवलीलाने सगळं ऐकून घेतलं. तिने मुरघासाची, म्हणजे हिरवा चारा मुरवायची एक प्लॅस्टिकची पिशवी आणायला सांगितली. शेताच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे पानं अजून हिरवी, मोकळी होती, तिथल्या दोन ताटांवर तिने ती वरून चढवली. मग एक कणीस शेगडीवर पातेल्यात झाकून भाजलं, ते पातेलं पिशवीत सरकवलं, आत झाकण काढलं आणि बुडाशी सुतळी आवळली. आम्ही दोघं बघत बसलो. कोपीत माझी बायको महानंदा पांडवांना हळदकुंकू लावत होती. तिची पूजा अर्धी व्हायच्या आत पिशवीतल्या पानांच्या कडा आत वळायला लागल्या.

"आम्ही ह्याला तापवलं, गारठवलं, खारं पाणी पाजलं, किडी सोडल्या," शिवलीला म्हणाली. "खाल्लं तेवढं न्हाई, अण्णा. केंद्राचा नेमच हाय, चाचणीचं कणीस तोंडात घालायचं न्हाई. मग भाजणार कोण? हुरड्याचं कणीस जिवंत असतंय. निखाऱ्यात पडलं की त्याच्या हिशोबानं सगळ्यात मोठं संकट आलं. असंल नसंल तेवढा वास ते एकदम सोडतंय."

मी मान वर करून शिवाराकडे पाहिलं. नजर पोचेल तिथपर्यंत शाळू आणि शाळूत उभ्या कोपी. प्रत्येक कोपीसमोर गोवऱ्यांचा निळसर धूर वर चढत होता. बायकांची नवी लुगडी दिसत होती. पोरं बांधावरून पळत होती. आणि सगळे आमच्या हलगीची वाट बघत होते.

"आपण हलगी वाजवायचीच न्हाई," मी म्हणालो.

"किती वेळ थांबतील?"



तिने केंद्राच्या प्रमुखांना, डॉक्टर पारख्यांना फोन लावला. फोनचा स्पीकर चालू ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. पारखी शांत आवाजात बोलत होते. एका पिशवीवरून निष्कर्ष काढू नका, सुट्टी संपली की रीतसर चाचणी लावू, तोवर गावांना काही कळवलं तर बियाण्यावर बंदी येईल, घबराट होईल, आणि तुमच्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही. शिवलीलाने "बरं, सर" म्हटलं, फोन ठेवला आणि लगेच केंद्राची झळसूचना उघडली. झळ आली की गावोगावच्या फोनवर जाणारा तो संदेश. त्यात तिने स्वतःचं नाव घालून लिहिलं, हा शाळू भाजू नका, हुरडा करू नका, पीक मिटेल. आणि पाठवून दिलं.

मीही गावाच्या गटावर तेच टाकलं. उत्तरं यायला वेळ लागला नाही. कुणी हसण्याची चित्रं पाठवली. कुणी विचारलं, बिराजदारांच्या लेकीला आपल्याच बियाण्याचं भ्या वाटतंय का? आणि मग सिद्रामचा संदेश आला. मान टिकवायची नवी थाप. तुमची हलगी फुटली असंल तर आमची हाय.

सिद्राम माझा चुलतभाऊ. थोरल्या घरचा, वयानेही मोठा. त्याचे वडील सोलापूरच्या गिरणीत गेले तेव्हा पहिल्या कणसाचा मान धाकट्या घरी, म्हणजे आमच्या वडिलांकडे आला. ते परत आले, पण मान परत गेला नाही. त्यावरून बोलणं बंद झालं, लग्नकार्यातलं जाणं-येणं बंद झालं आणि शेवटी आमच्या दोघांमधला बांध बाभळीच्या काट्यांनी भरून गेला. सिद्रामचं शेत आमच्या पूर्वेला. गेले दोन दिवस वारा पडलेला होता, पण आज दुपारी तो पश्चिमेकडून सुटेल असा अंदाज होता, आणि सिद्रामच्या पलीकडे नदीपर्यंत सलग शाळू उभा आहे. त्याच्या आगटीत कणीस पडलं आणि त्याची हलगी वाजली, की शेकडो आगट्यांत कणसं पडणार होती.

तेवढ्यात त्याच्या कोपीकडून हलगीवर दोन थापा पडल्या. तो कातडं शेकून ताण बघत होता.

"अण्णा," शिवलीला म्हणाली, "माझं ऐकणार न्हाई तो. तू जा."

"मी? माझं तोंड बघितलं तरी तो थुकतो."

"मग थुकू दे."

मी खुंटीवरची आमची हलगी काढली. महानंदाने कोपीच्या दारात मला अडवलं. "मानाची हलगी घेऊन कुठं निघाला? सासऱ्यांनी मरताना तुमच्या हातात दिली ती."

"ठाऊक हाय," मी म्हणालो आणि चालायला लागलो. माझ्या मनात काय चाललं होतं ते मलाही नीट कळत नव्हतं. राग होता, एवढं नक्की. सिद्रामचा होता, मेहुण्याचा होता, पारख्यांचा होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा होता.

बाभळीचे काटे धोतराला, पोटरीला ओरबाडत मी बांध ओलांडला. सिद्रामच्या कोपीसमोर त्याची पाहुणेमंडळी गोल बसली होती. आगटीतले निखारे लाल झाले होते. सिद्राम उकिडवा बसला होता. त्याच्या एका हातात कणसांची जुडी होती आणि हलगी मांडीवर आडवी होती.

"वाट चुकलास काय रं मल्लिनाथ?" तो म्हणाला.

"दादा, ते कणीस खाली ठेव."

"का? तुझ्या आधी पडतंय म्हणून?"

"माझ्या आधी न्हाई पडत. माझं परवाच पडलंय."

हे मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो. पाहुण्यांत कुजबुज झाली. सिद्रामच्या म्हाताऱ्या आईने, माझ्या थोरल्या काकूने, कपाळाला हात लावला. मी थांबलो नाही. मेहुणा, आडोशाची आगटी, वरून लोटलेली राख, मिटलेला तुकडा, पिशवीतली पानं, सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर मी आमची हलगी त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली.

"मानकऱ्यानं रीत मोडली. आता मान माझ्याकडं राहत न्हाई. तसाही तो तुमच्या घरचा. आजपासनं पहिलं कणीस तुझं. टाकायचं का न्हाई, ते तू ठरव."

सिद्रामने हलगीकडे पाहिलं. हात लावला नाही. निखाऱ्यांवर एक गोवरी ढासळली आणि ठिणग्या उडाल्या. पलीकडच्या शेतातून कुणीतरी ओरडलं, "ओ बिराजदार, भुका लागल्यात की! कुणाची तरी वाजवा!"

"लीला आली न्हाई व्हय?" सिद्रामने विचारलं.

"आलेय, दादा." ती माझ्या मागोमाग काट्यांतून आली होती. साडीचा काठ फाटला होता.

"ह्यो म्हणतोय ते खरं?"

"खरं हाय. बियाणं माझं हाय, चूक माझी हाय. नोकरी जाईल असं सायबांनी सांगितलं, तरी मी सगळ्या गावांना कळवलं. ह्याच्यावर विश्वास न्हाई तर माझ्यावर ठेव. लहानपणी तुझ्याच खांद्यावर बसून मी येळवशीला यायची."

सिद्रामने मांडीवरची हलगी बाजूला ठेवली. मग उठला. मला वाटलं, आता कणसं निखाऱ्यात पडणार. माझे हात आपोआप पुढे झाले. पण तो जुडी तशीच हातात घेऊन बांधाच्या दिशेने चालत गेला. आम्ही त्याच्या मागे गेलो. बांधाला लागून असलेल्या त्याच्या ओळींपाशी तो थांबला. ती ताटं मिटली होती.

"सकाळधरनं बघतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, तू रातच्याला फवारा मारलास. माझा दाणा बुडवायला. आज हुरडा झाला की चार माणसांत तुझी गचांडी धरणार होतो." तो माझ्याकडे वळला. "इतका वाईट धरला तुला मी."

"मीही तुला लई वाईट धरलंय, दादा," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

त्याने कणसांची जुडी काकूच्या ओटीत दिली. मग आंबिलाच्या शेजारची पाण्याची घागर उचलली आणि भर आगटीवर उपडी केली. निखारे फुसफुसले, पांढरी वाफ उठली. पाहुणे चरफडले, पण उठून बोलायची कुणाची छाती झाली नाही. सिद्रामने दोन्ही हलग्या घेतल्या आणि कोपीच्या माथ्यावर उंच खोचून ठेवल्या. न वाजणाऱ्या हलग्या शिवारभर दिसल्या. तेव्हा कुठे लोक आपापल्या आगट्या सोडून काय झालं ते विचारायला आमच्याकडे यायला लागले. बांधावर गर्दी झाली आणि शिवलीलाने सगळ्यांना ती बांधलेली पिशवी दाखवली. ज्यांनी सकाळी हसण्याची चित्रं पाठवली होती, त्यांनी आपापल्या कोपीकडे निरोप धाडून आगट्या विझवल्या.

पण काम तिथे संपत नव्हतं. मिटलेली ताटं उभी राहिली तर आणखी दोन दिवस थोडा थोडा वास सोडत राहणार होती. ती आधीच मिटलेली असल्यामुळे कापली तर नव्याने सोडणार नव्हती, मात्र कापून लगेच मुरघासाच्या खड्ड्यात झाकायला हवी होती. वारा सुटायच्या आत. म्हणजे माझा कोपीमागचा तुकडा, आणि खरं तर आता त्याच्या पुढचंही बरंच काही. ओळी मिटत मिटत पुढे सरकल्या होत्या. अर्ध्याहून जास्त रान कापावं लागणार, हे शिवलीलाने मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षाची भाकरी होती ती, आणि गुरांचा कडबाही.

कुणी पुढे होईना. दुसऱ्याचं उभं पीक, तेही येळवशीच्या दिवशी, कोण कापणार?

"मान माझा न्हवं?" सिद्राम म्हणाला. "मग मी सांगतो ते ऐका. घरोघरचं विळं आणा. आधी माझ्या मिटलेल्या ओळी. मग मल्लूचं." आणि पहिल्यांदा तोच वाकला.

गावाने त्या दुपारी नव्या कपड्यांनिशी माझं रान कापलं. बायका पेंढ्या बांधत होत्या, पोरं ओढत होती, ट्रॅक्टर खड्ड्यावर फेऱ्या मारत होते. वारा सुटला तेव्हा सिद्राम आणि मी एकाच ओळीत होतो. आम्ही दोघंही थांबलो आणि पूर्वेकडच्या शाळूकडे बघत राहिलो. पानं हलत होती. उघडी होती. संध्याकाळपर्यंत उघडीच राहिली. जेवण आम्ही सिद्रामच्या कोपीत केलं. काकूने मला भज्जी वाढताना चार शिव्या हासडल्या आणि मग वरून तुपाची धार सोडली. मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सगळ्याच गावांचं असं झालं नाही. ज्यांनी शिवलीलाचा संदेश वाचून सोडून दिला, त्या तीन गावांचा शाळू फोलपट निघाला. त्यामुळेच पारख्यांना पुढे काही लपवता आलं नाही, आणि चौकशीत शिवलीलाचीच नोकरी राहिली. आता बियाण्याच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, भाजू नये. हुरड्यासाठी प्रत्येकाने शेताच्या कोपऱ्यात चार ओळी जुन्या गूळभेंडी ज्वारीच्या, येळवशीला तयार होतील अशा आधीच पेरायच्या. त्या बिचारीला हा वास सोडताच येत नाही.

पुढच्या येळवशीला मी सकाळीच आगटी पेटवली. निखारे झाले. गूळभेंडीची कणसं खुडून ठेवली, सिद्रामने परत धाडलेली आमची हलगी शेजारी ठेवली. महानंदाची पूजा झाली, पाहुणे बसले, मेहुणाही पुण्याहून आला आणि यावेळी सवड काढून आला. उन्हं चढली. मेहुणा म्हणाला, "भावजी, टाकायचं का?"

"थांब," मी म्हणालो.

मी बांधाकडे बघत होतो. आम्ही दोघांनी मिळून बाभळीचे काटे काढून टाकले होते, त्यामुळे पलीकडचं सगळं स्वच्छ दिसत होतं. सिद्राम मुद्दाम उशीर करत होता. मला ठाऊक होतं, इतक्या वर्षांचा उशीर तो एका सकाळी वसूल करणार. करू दे. पोटात कावळे ओरडत होते तरी मी कणीस हातात धरून बसून राहिलो.

मग त्याची हलगी वाजली. मी आमची वाजवली आणि कणीस निखाऱ्यात खुपसलं.